कोंबडा की डोंगर

गेल्या वर्षी सलग आठ महिने माझे वडील माझ्याशी भांडले नाहीत. ऐकणाऱ्याला वाटेल, बरं झालं की, नशीबवान बाई आहे. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा एकीनं चक्क हात जोडले आणि म्हणाली, तुझ्या वडलांना माझ्या सासऱ्यांकडे शिकवणी घ्यायला पाठव. मी हसले, पण आतून नुसती धुमसत होते. तीस वर्षं त्यांच्याशी भांडून मी जेवढी चिडले नव्हते तेवढी त्या आठ महिन्यांत चिडले.

आमचं भांडण एकच, कुस्तीचं. मातीतल्या कुस्तीचं नव्हे. टीव्हीवरची ती परदेशी कुस्ती, जिच्यात धिप्पाड माणसं चकचकीत चड्ड्या घालून धुरातून चालत येतात, एकमेकांना उचलून आपटतात आणि कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. तिचा वर्षातून एकदा सगळ्यात मोठा कार्यक्रम होतो, भलंमोठं मैदान माणसांनी भरलेलं असतं. आमच्या घरात त्याला जत्रा म्हणायचे. हे नाव वडलांचं. ते मराठवाड्यातल्या एका खेड्यातून हैदराबादला आलेले. लहानपणी जत्रेतली शेवटची मानाची कुस्ती बघायला चार कोस चालत जायचे. तर आमचा प्रश्न असा, की जत्रेचा सगळ्यात मोठा पैलवान कोण? वर्षभर कोणी का जिंकेना, त्या एका दिवशी, सगळं जग बघत असताना, मैदान कुणी मारलं?

मी म्हणायचे डोंगर. ते म्हणायचे कोंबडा.

खरी नावं इंग्रजी आणि लांबलचक होती. माझ्या आईला त्यातलं एकही धड घेता यायचं नाही, म्हणून तिनं ही नावं ठेवली. डोंगर सात फुटाचा, हिरव्या चड्डीतला, मान नसलेला. तो आखाड्याभोवतीच्या दोरांवरून पाय टाकून आत यायचा, दोरांखालून वाकणं त्याला माहीतच नव्हतं. कोंबडा मध्यम चणीचा, पिवळ्या केसांचा, छाती काढून मान उडवत चालणारा. तोंडाळ इतका की कुस्ती सुरू व्हायच्या आधीच त्याला चार फटके द्यावेसे वाटायचे. आणि दरवर्षी जत्रेत हा बाबा हरायचा. एखाद-दुसरं वर्ष सोडलं तर हमखास. अशा माणसाला माझे वडील जत्रेचा सगळ्यात मोठा पैलवान म्हणायचे, मग मी का नाही भांडणार?

तेव्हा आम्ही हिमायतनगरच्या एका गल्लीत दोन भाड्याच्या खोल्यांत राहायचो. वडील सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. गल्लीत केबल आली तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. जत्रा आमच्यापर्यंत यायची ती शिळी होऊन, दोन-तीन आठवड्यांनी आणि तुकड्यातुकड्यांत. मध्येच केबल जायची, मग वडील गॅलरीत जाऊन समोरच्या घरातल्यांना विचारायचे, आपके पास आ रहा क्या? आई भाकरी थापता थापता म्हणायची, एवढी मोठी माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, त्यांना काही कामधंदा नाही का. पण कोंबडा आला की तीही पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहायची.

माझ्याकडे पैलवानांच्या ट्रम्प कार्डांचा जोड होता. आबिड्सला रविवारी फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात, तिथं हट्ट करून घेतलेला. प्रत्येक कार्डावर फोटो, उंची, वजन, दंडाचा घेर, किती कुस्त्या लढला आणि सगळ्यात खाली नंबर. डोंगर दुसरा होता. कोंबडा एकोणतिसावा. मी ती दोन कार्डं वडलांपुढे आपटायचे, जसा काही कोर्टात पुरावा. ते चष्मा वर करून दोन्ही कार्डं नीट वाचायचे आणि म्हणायचे, यात पडण्याचा रकाना कुठंय?

त्यांचं म्हणणं असं होतं. जिंकायला काही लागत नाही, ते ठरलेलंच असतं. पण पडायचं कसं, ते कोणी ठरवून देत नाही. डोंगर आपल्याला डोंगराएवढा दिसतो, कारण कोंबडा त्याच्यासमोर अगदी बरोबर पडतो. दुसऱ्या कोणाला त्याच्यापुढे उभं करा, मग बघा डोंगर कसा पोत्यासारखा हलतो. माणसं जत्रेतून घरी जाताना डोंगराचं नाव घेतात, पण त्यांच्या अंगावर काटा आणला तो कोंबड्यानं. मी म्हणायचे, हरणाऱ्याला मोठा म्हणायचं तर मग परीक्षेत नापास होणाऱ्याला पेढे वाटा. ते म्हणायचे, पोट्टी, तुला कुस्ती कळत नाही. मी रडायचे. आई म्हणायची, लेकराला रडवून काय मिळतं तुम्हाला? ते म्हणायचे, तिला हरवायचं नाही मला, तिला कळायला पाहिजे.

लग्नानंतर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोंडापूरला राहायला गेले. नवरा पुण्याचा, कंप्युटरवाला. कॉलेज माझं हिमायतनगरलाच, तरी रविवारी मी पुन्हा एवढं अंतर तुडवत माहेरी जायचे. जेवण व्हायचं, चहा व्हायचा आणि चहाबरोबर कोंबडा-डोंगर निघायचे. नवे पैलवान आले, जुने म्हातारे झाले, आमचे दोघे काही बदलले नाहीत. दर रविवारी मी कुठल्या तरी एका मुद्द्यावर भडकायचे, अर्धा चहा टाकून उठायचे, पाय आपटत जिना उतरायचे. घरी पोचायला मला सव्वा तास लागायचा. मी चप्पल काढून पंखा लावते न लावते तोच फोन वाजायचा.

"पोचलीस का?"

"पोचले."

"मग आता ऐक."

आणि सव्वा तास गोळा करून ठेवलेला मुद्दा ते मला ऐकवायचे. मला उत्तर सुचायच्या आत फोन ठेवून द्यायचे. नवरा म्हणायचा, तुमच्या घरात काळजी करायची पद्धत भलतीच आहे. मी त्याला म्हणायचे, तू पुण्याचा, तुला नाही कळायचं.

आई गेली तेव्हाही हे थांबलं नाही. तेराव्याच्या पुढच्या रविवारी मी गेले, चहा मी केला, मग तेच म्हणाले, तुझ्या आईला शेवटपर्यंत कोंबडाच आवडायचा. मी म्हणाले, तिला तो आवडायचा नाही, त्याची कीव यायची. झालं, सुरू. त्या दिवशी जिना उतरताना मी रडत होते आणि तरी मला बरं वाटत होतं.

मग गेल्या वर्षी घरमालकानं ती इमारत पाडायला काढली. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, मी एकुलती एक. दुसरा प्रश्नच नव्हता. माझी मुलगी शिकायला बाहेरगावी गेलेली, तिची खोली रिकामीच होती. नवऱ्यानं स्वतः टेम्पो ठरवला, स्वतः सामान बांधलं. वडील एक बॅग, एक देवघरातला बाळकृष्ण आणि आईचा पोळपाट एवढंच घेऊन आले. बाकी सगळं त्यांनी गल्लीतच वाटून टाकलं.

पहिल्याच रविवारी चहा झाल्यावर मी नेहमीसारखी खोडी काढली. म्हणाले, काही म्हणा बाबा, जत्रेचा पैलवान डोंगरच. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझंच खरं."

मला आधी खरंच वाटेना. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, हौ, डोंगरच मोठा, विचार केला तर तेच बरोबर आहे. आणि सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. तीस वर्षांचा खटला जिंकले होते मी. मी उठून शिरा केला. नवऱ्याला सांगितलं, लिहून ठेव, आज बाबांनी मान्य केलं. शिरा वडलांनीही खाल्ला, म्हणाले, छान झालाय. माझ्यासारखी मूर्ख मीच.

कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी पोहेही मान्य केले, उपमाही मान्य केला, मोठ्यानं लावलेला मिक्सरही मान्य केला. टीव्हीवर काय लावू? तुला आवडेल ते. पंखा वाढवू का? तुला पाहिजे तेवढा. भात अजून घेता का? तू म्हणशील तसं. ज्या माणसानं आयुष्यभर आईला वरणातल्या गुळावरून बोलून बोलून हैराण केलं, तो माणूस माझ्या हातचं करपलेलं थालीपीठ खाऊन म्हणाला, खरपूस आहे. तिसऱ्या आठवड्यात माझं डोकं फिरायला लागलं. भिंतीशी बोलावं आणि भिंतीनं मान डोलवावी, असं झालं होतं.

मी काय काय केलं नाही? कोंबड्याला भित्रा म्हणाले. तो म्हातारपणी पैशासाठी कुठल्यातरी गावजत्रेत पडतो म्हणाले, जे मला माहीतही नव्हतं, मनानं ठोकून दिलं. जुनी ट्रम्प कार्डं माळ्यावरून शोधून काढली, कडा झिजलेल्या, आणि त्यांच्यापुढे आपटली. दुसरा नंबर. एकोणतिसावा नंबर. बोला आता. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही कार्डं वाचली, पडण्याच्या रकान्याचं नावसुद्धा काढलं नाही आणि कार्डं नीट जुळवून मला परत दिली. म्हणाले, जपून ठेव, नातीला होतील.

शेवटचा उपाय म्हणून मी नवऱ्याला पुढे केलं. त्याचं या बाबतीतलं मत मला माहीत होतं. तो पहिल्यापासून म्हणायचा, अहो, हे सगळं स्क्रिप्टेड असतं, ठरवून केलेल्या गोष्टीत मोठा काय आणि छोटा काय? हिमायतनगरच्या घरात त्यानं एकदा हे वाक्य उच्चारलं होतं, तेव्हा वडलांनी त्याला जावई म्हणून सोडलं नव्हतं. सरळ म्हणाले होते, जावईबापू, नुरा कुस्ती असली तरी पाठ जमिनीला खरीच लागते. नंतर तासभर त्यांनी त्याला नुरा कुस्ती म्हणजे काय, ते समजावलं. दोन पैलवान आधी ठरवून लढतात, पण ठरवून लढणाऱ्यालाही हाडं खरीच असतात. गावच्या जत्रेत त्यांनी असा एक पैलवान बघितला होता, जो ठरल्याप्रमाणे पडला आणि महिनाभर लंगडत होता, पण लोकांना काही कळू दिलं नाही. नवरा त्या दिवशी घामाघूम होऊन घरी आला होता.

तर मी त्याला म्हणाले, ते वाक्य आज पुन्हा म्हण. तो बिचारा भाजी निवडत होता. त्यानं ते म्हटलं. आणि वडील म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, जावईबापू. सगळं ठरवलेलंच असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. नवरा मागोमाग आला आणि म्हणाला, अगं, वय झालंय त्यांचं, शांत झालेत, तू कशाला त्यांना डिवचतेस? मी त्याला म्हणाले, वय झालेली माणसं हट्टी होतात, पुळचट होत नाहीत. मग आमचं दोघांचं जुंपलं. बाहेर वडलांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आमचं भांडण ऐकू यावं म्हणून नव्हे, आपला त्रास नको म्हणून.

मी त्यांना डॉक्टरकडेही नेलं. मला वाटलं, मेंदूचं काही असेल, विसरायला लागले असतील. डॉक्टरांनी त्यांना तारीख विचारली, पाढे विचारले, पाच वस्तूंची नावं सांगून पुन्हा विचारली. वडलांनी पाचही सांगितल्या, वर डॉक्टरांच्या टेबलावरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे, हेही सांगितलं. म्हणजे वाद घालता येत होता. बाहेरच्या माणसाशी येत होता. आमच्या कॉम्प्लेक्सच्या वॉचमनशी ते पाण्याच्या टँकरवरून दक्खिनीत हुज्जत घालायचे, ते मी स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. फक्त लिफ्टमधून वर आले, की तोंडाला कुलूप.

हळूहळू बाकीच्या गोष्टी माझ्या लक्षात यायला लागल्या. त्यांची बॅग पलंगाखाली होती, कपाट रिकामं. रोज बॅग ओढायची, सदरा काढायचा, बॅग पुन्हा आत. चपला ते रॅकमध्ये ठेवायचे नाहीत, दाराबाहेर पायपुसण्याच्या कडेला ठेवायचे. त्यांना किल्ली दिली होती, पण फिरून आले की बेल वाजवायचे आणि मी दार उघडल्यावर, आत येऊ का, अशा बेतानं उभे राहायचे. माझ्याच बापाला मी रोज संध्याकाळी, या, असं म्हणत होते.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. बापानं लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही. माझे आजोबा आत्याच्या गावी जायचे तेव्हा पाण्याचा तांब्या घरून न्यायचे आणि दिवस मावळायच्या आत परत निघायचे. तिच्या दारातला घोटभर चहासुद्धा घ्यायचे नाहीत. वडील या गोष्टीवर नेहमी हसायचे. म्हणायचे, आमचा बाप येडाच होता, लेकीच्या अंगणात तहानलेला बसून राहायचा. माझ्या घरी ते कधीही येऊन जेवायचे, कधीच काही मानलं नाही. म्हणून ही रीत माझ्या मनातही आली नाही. पण जेवून परत जाणं वेगळं, आणि परत जायला जागा नसणं वेगळं. हे मला फार उशिरा कळलं.

जत्रेचा दिवस आला. हल्ली जत्रा शिळी होऊन येत नाही, तिथं चालू असते तेव्हाच इथं दिसते, आपल्याकडे पहाटेपासून. मी रजा टाकली. आदल्या दिवशी मी एक घाणेरडी गोष्ट केली होती, तीही सांगते. भरली वांगी केली आणि मुद्दाम त्यात मीठ घातलं नाही. चिमूटभरही नाही. वांगी हा वडलांचा जीव की प्राण. मीठ-तिखटात केसाइतका फरक पडला तरी आईला दोन दिवस ऐकावं लागायचं. नवऱ्यानं पहिला घास खाऊन माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं मिठाची बरणी ओढली. वडलांनी मीठ न घेता दोन वांगी खाल्ली. मी विचारलं, कशी झालीत? म्हणाले, छान झालीत, मसाला चांगला जमलाय. मी उठून बेसिनपाशी उभी राहिले, कारण मला त्यांच्यावर ओरडायचं नव्हतं.

सकाळी आम्ही दोघं टीव्हीपुढे बसलो. नवरा आत लॅपटॉपवर. वडील सोफ्याच्या अगदी कडेला बसलेले, हात गुडघ्यांवर, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसे. दोन-तीन कुस्त्या झाल्या. मग मध्येच कार्यक्रमवाल्यांनी जुन्या पैलवानांना मान द्यायला बोलावलं आणि एकामागून एक म्हातारे बाहेर यायला लागले. डोंगर आला. पांढरी दाढी, कमरेत वाकलेला, आता त्याला दोरांवरून पाय टाकता येईना, दोघांनी दोर वाकवून धरले. त्याच्या मागून कोंबडा आला. केस उरले नव्हते, पण मान तशीच उडवत आला, आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. डोंगरासाठी उठलं नव्हतं, ह्याच्यासाठी उठलं.

मी वडलांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. तीस वर्षं ज्याची बाजू घेतली, त्याला आज सगळं जग उभं राहून तेच सांगत होतं, आणि हे सगळ्यांच्या आधीपासून सांगणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता. मी वाट बघितली. आता म्हणतील, बघितलंस का. एवढंच म्हणायचं होतं, बघितलंस का. मी विचारलं, बाबा, आता बोला, मोठा कोण? त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "डोंगर. तुझंच खरं."

मग मात्र माझं सुटलंच. मी टीव्ही बंद केला. म्हणाले, मला असं जिंकायचं नाही. तुम्ही मुद्दाम पडताय माझ्यासमोर, आठ महिने पडताय, मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? बिनमिठाची वांगी खाता, छान म्हणता. माझ्या घरात चोरासारखे वावरता. मी काय पाप केलंय, की तुम्ही माझ्याशी परक्यासारखे गोड बोलता? नवरा दारात आला, मी त्याला हातानंच आत जा म्हणून सांगितलं.

वडील अगदी हळू, जणू मला वाईट वाटू नये म्हणून, म्हणाले, "बाई, आधी भांडण झालं, की तू पाय आपटत तुझ्या घरी जायचीस. आता भांडण झालं तर मी कुठं जाऊ?"

काय बोलणार? हे घर तुमचंच आहे, असं म्हणायचं का? ते तर मी आठ महिने रोज म्हणत होते, पालथ्या घड्यावर पाणी. आपला बाप भांडायला घाबरतो, ते माझ्या दाराला घाबरून, हे कळल्यावर मला माझाच इतका संताप आला की तिथं उभं राहवेना. मी दाराशी गेले आणि चपलेत पाय घातले.

"कुठं चाललीस?"

"भांडण झालंय आपलं," मी म्हणाले. "भांडण झालं की मी जाते. तुम्ही कधी गेलात? तुम्ही घरीच असता."

आणि दार आपटून निघाले. लिफ्टमध्ये आल्यावर ध्यानात आलं, की मी माझ्याच घरातून रागानं बाहेर पडलेय, अंगात गाऊन, त्यावर ओढणी, हातात फोन, किल्ली वरच राहिलेली. पण आता परत गेले तर सगळंच मुसळ केरात. मी गेटजवळच्या बाकावर जाऊन बसले. वॉचमन म्हणाला, क्या मॅडम, सब खैरियत? मी म्हटलं, हौ, हवा खा रही. ऑफिसला निघालेली माणसं माझ्या गाऊनकडे बघून नजर फिरवत होती. खालच्या मजल्यावरच्या एका बाईनं तेलुगूत विचारलं, आरोग्य बरं आहे ना? मी मान हलवली.

अर्ध्या तासानं नवरा चहाचा थर्मास घेऊन खाली आला. म्हणाला, वर चल, लोक बघतायत. मी विचारलं, बाबा काय करतायत? तो म्हणाला, काही नाही, घड्याळाकडे बघत बसलेत. मला वाटलं, काळजीत असतील, आणि क्षणभर उठावंसं वाटलं. तरी मी हटून बसले. नवऱ्याला म्हटलं, तू जा, मी येते. तो थर्मास ठेवून गेला. ऊन पायांवर आलं. आपण म्हाताऱ्या माणसाला आणखी घाबरवून आलो, आज संध्याकाळी ते बॅग घेऊन निघाले तर त्यांना अडवायचं कसं, हाच एक विचार डोक्यात पिंगा घालत होता.

निघाल्याला बरोबर सव्वा तास झाला, तेव्हा फोन वाजला. स्क्रीनवर बाबांचं नाव. आठ महिन्यांत त्यांनी मला एकदाही फोन केला नव्हता, एकाच घरात कोण कशाला करेल?

"पोचलीस का?"

समोर गेट होतं, पाण्याचा टँकर आत वळत होता, आणि वर सहाव्या मजल्यावर माझ्या घराच्या खिडकीत ते फोन कानाला लावून उभे असलेले मला दिसत होते. मी म्हणाले, "पोचले."

"मग आता ऐक."

आणि ते सुरू झाले. मैदान कोणासाठी उठलं, ते तू डोळ्यांनी बघितलंस आणि तरी मला विचारायलीस मोठा कोण? तुझ्या डोंगराला दोर ओलांडायला दोन माणसं लागली, माझा कोंबडा पडून पडून हाडं मोडलेला आणि तरी मान कशी उडवत आला, बघितलंस का? ती तुझी कार्डं कोणी छापली, त्यात पडण्याचा रकाना का नाही, हे त्या छापणाऱ्याला विचार जा. मी मध्ये काही बोलायला गेले तर म्हणाले, गप, मी बोलायलोय. वीस मिनिटं त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. वॉचमन माझ्याकडे बघत होता, कारण मी ओढणीनं डोळे पुसत होते.

शेवटी ते थांबले. मला वाटलं, आता नेहमीसारखा फोन ठेवतील. पण त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"आणि दुसरं. कालच्या वांग्यात मीठ नव्हतं," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.